काट्यावरून काट्यावर

खान्देशात मोठ्या काट्यावर उभं राहायचा मान केळीच्या ट्रकला आणि कापसाच्या गाडीला. लहान काटा सोन्यासाठी. माणूस काट्यावर चढतो तो फक्त डॉक्टरकडे, आणि तेही चप्पल काढून, मोबाइल टेबलावर ठेवून, श्वास आत ओढून. न्यूझीलंडच्या फ्रांझ जोसेफ हिमनदीवर हेलिकॉप्टरनं जायचं म्हटलं की ही सगळी अब्रू पहिल्या दहा मिनिटांत जाते. तिथं अंगावरच्या सगळ्या कपड्यांसकट काट्यावर उभं करतात. बुकिंगच्या अर्जात आपण लग्नातलं वजन लिहिलेलं असतं, पण त्यावर विश्वास ठेवणारा माणूस त्या धंद्यात टिकत नाही.

आता यात अपमान मानायचं कारण नाही, हे मी आमच्याकडच्या प्रत्येक जाणाऱ्याला समजावून सांगतो आणि प्रत्येक जण तो मानतोच. तिथं बहुतेक वेळा वापरतात ते स्क्विरल जातीचं हेलिकॉप्टर. स्क्विरल म्हणजे खार. पायलट एक आणि प्रवासी सहा. यंत्र, इंधन, पायलट, आपण आणि आपण सकाळी खाल्लेले पराठे, असं सगळं धरून सुमारे सव्वादोन टनांच्या आत बसवावं लागतं. नुसती बेरीज जमून भागत नाही, ओझं कुठं बसलंय हेही बघावं लागतं. बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त पोती टाकली की गाडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उठतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला हेलिकॉप्टरचं गणित वेगळं शिकवायला नको. पंखा वर एका जागी आहे, सगळं ओझं त्याच्याखाली तोलून राहिलं पाहिजे.

म्हणून कोण कुठं बसणार हे ते लोक ठरवतात. पुढची काचेची जागा वयानं मिळत नाही, मानपानानं मिळत नाही, चाळीसगाव-धुळे गाडीत टाकतो तसा खिडकीतून रुमाल टाकूनही मिळत नाही. जिभाऊ घरातले सर्वांत मोठे असले तरी मागच्या रांगेत मधोमध, दोन अनोळखी जर्मन माणसांच्या मध्ये बसू शकतात. आणि बारा वर्षांची भाची पायलटशेजारी. यावर रुसून उपयोग नाही, हेलिकॉप्टर रुसव्यासाठी थांबत नाही. वजन फारच जास्त भरलं तर काही ठिकाणी जादा पैसेही मागतात. त्याची चौकशी आधीच करावी, कारण मूळ तिकीटच माणशी सहाशे न्यूझीलंड डॉलरच्या वर, म्हणजे तीस हजार रुपयांच्या पुढं आहे.

‘एवढे पैसे उडण्याचे कशाला, चालत जाऊ ना,’ हा आपल्याकडचा हमखास प्रश्न. आम्ही तोरणमाळ चढणारी माणसं. पण २०१२ पासून त्या हिमनदीवर खालून चालत जाता येत नाही. बर्फ वितळत मागं सरकला, तोंडाकडचा भाग पातळ आणि भुसभुशीत झाला, वरून दगड आणि बर्फाचे ढिगारे कोसळायला लागले. शेजारच्या फॉक्स हिमनदीचीही गत तीच. म्हणजे ज्या बर्फापाशी पूर्वी पायी पोचता यायचं, तिथं आता इंधन जाळत जावं लागतं. यातला विनोद बर्फालाही कळत असावा.

नाव फ्रांझ जोसेफ हे ऑस्ट्रियाच्या बादशहाचं. युलियस फॉन हास्ट या जर्मन भूवैज्ञानिकानं ते १८६५ मध्ये ठेवलं. बादशहा तिकडं कधी फिरकला नाही. माओरी लोकांचं नाव जास्त खरं आहे : का रोइमाता ओ हिने हुकातेरे, म्हणजे हिने हुकातेरेचे अश्रू. डोंगर चढायची हौस तिची, सोबत नेलं तिनं प्रियकराला, हिमलोटात गेला तो. तिचे अश्रू गोठले आणि ही नदी झाली. हौस एकाची आणि फरफट दुसऱ्याची, हे सहलींचं सूत्र तेव्हापासूनचं आहे.

बर्फापर्यंत जाण्याआधी विमानतळावरची चाळणी आहे. न्यूझीलंडच्या जकातीवर सोन्यापेक्षा लोणच्याची विचारपूस जास्त होते. खायची प्रत्येक वस्तू देशात शिरतानाच्या अर्जात ‘आहे’ म्हणून लिहायची. लपवलेली सापडली तर जागेवर ४०० डॉलर दंड. ताजं फळ तर आणायचंच नाही. रावेर-यावलच्या माणसानं केळं घराबाहेर ठेवून प्रवासाला निघायचं, याहून मोठा त्याग मला माहीत नाही. बंद पाकिटातली शेव, पापड बहुधा सुटतात, पण लिहून द्यायचे. घरचे मसाले डब्यात भरून न्यायचा मोह आवरावा. आणि शेतात वापरलेले बूट असतील तर तेही लिहायचे. तळाला चिकटलेल्या काळ्या मातीचा त्यांना धसका आहे. घासून, धुऊन, वाळवूनच न्यावेत. खरं तर नेऊच नयेत, कारण बर्फावरचे बूट तेच देतात.

बुटांबरोबर वरचं जॅकेट, पाणी न शिरणारी पँट, हातमोजे, टोपी हेही मिळतं. आपण आणायचं ते आतलं. इथं आपली गाडी हमखास अडते. ‘जाड जीन्स घातली की थंडी वाजत नाही’ हे धुळ्याच्या डिसेंबरमध्ये खरं, बर्फावर खोटं. सुती कापड ओलं झालं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. लोकरी किंवा पॉलिएस्टरचे दोन पातळ थर आणि जाड मोजे, एवढं पुरतं. चालताना घाम येतो, तेव्हा एक थर काढायचा, थांबलं की घालायचा. तिथं आळशी माणूस आधी घामानं भिजतो आणि मग कुडकुडतो.

उन्हाचं आम्हाला काय सांगता, असं ४५ अंश सोसणारा भुसावळकर म्हणणारच. पण आपलं ऊन वरून येतं. तिथलं खालूनही येतं. ताजा बर्फ अतिनील किरणांतले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणून हनुवटीच्या खाली, कानांच्या पाळ्यांना आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडेला क्रीम लावायचं. गडद गॉगल हवाच. मात्र जळगावच्या उन्हात तोंडाला गुंडाळतो तो स्टोल नाही, उपरणं नाही, आणि आबांची गांधी टोपी आतल्या खिशात. मोकळं फडफडणारं काहीही पंख्याच्या वाऱ्यात उडतं, आणि उडून कुठं जाईल ते सांगता येत नाही.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची तयारी : निघायच्या आधी चहा अर्धाच घ्यावा. बर्फावर अडीच-तीन तास, आणि शौचालय नाही.

एवढं सगळं करूनही आपण जाऊच असं नाही. कारण तिथला खरा मालक ढग. पश्चिमेकडून टास्मान समुद्रावरची ओली हवा येते, समोर सदर्न आल्प्सची भिंत लागते, हवा वर चढते, थंड होते आणि सगळं पाणी तिथंच ओतते. सह्याद्रीनं कोकणाला पाऊस देऊन आपल्याला कोरडं ठेवलं, तोच खेळ. फक्त या वेळी आपण कोकणच्या बाजूला उभे असतो. जळगावला वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हिमनदीच्या पायथ्याच्या गावात चार-पाच मीटर. मिलिमीटर नव्हे, मीटर.

पाऊस नसला तरी ढग पुरेसा आहे. वर पांढरा ढग आणि खाली पांढरा बर्फ असला की मधली रेषच दिसत नाही. जमीन वीस फुटांवर आहे की दोन फुटांवर, हे पायलटला डोळ्यानं कळत नाही. मग गावात ऊन असलं तरी उड्डाण रद्द. यावर ‘साहेब, एवढ्या लांबून आलोय’ चालत नाही. कंपनीनं रद्द केलं तर पैसे बहुधा परत मिळतात, पण अटी आधी वाचाव्यात. शहाणपण यात आहे की गावात किमान दोन, जमल्यास तीन रात्री काढाव्यात आणि पहिल्याच दिवशी सकाळचं उड्डाण घ्यावं. ते बुडालं तर पुढचे दिवस हाताशी राहतात. एक रात्र ठेवून जाणारे लोक दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर ‘आते काय करानं?’ म्हणत उभे असतात, आणि त्याच वेळी ढग उघडतो.

उघडला, समजा. हेलिकॉप्टरकडे जायचं ते पुढून, पायलटला दिसत राहून, वाकून. मागे शेपटीकडे कधीच नाही. तिथला छोटा पंखा इतका जोरात फिरतो की दिसतच नाही. हात वर करून टाटा करायचा नाही, डोक्यावर दुसरा पंखा आहे. बर्फावर उतरल्यावर उताराच्या वरच्या अंगाला पळायचं नाही, तिकडं जमीन वर येते आणि पंखा तेवढाच जवळ होतो. गाइड दाखवेल तिथं गुडघे टेकून, मान खाली घालून बसायचं आणि हेलिकॉप्टर उडून जाईपर्यंत उठायचं नाही. वाऱ्यानं बर्फाचे कण चाळणीतून ज्वारी उडावी तसे उडतात. प्रवास स्वतः पाचेक मिनिटांचा. त्यात अर्धे जण व्हिडिओ काढतात, म्हणजे तोही घरी येऊनच बघतात.

मग दुसरे काटे. क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखाली बांधायची लोखंडी दातांची चौकट. बाभळीचा काटा बुटात घुसू नये म्हणून जन्मभर जपलेला माणूस इथं मुद्दाम काटे बाहेर काढून चालतो. बकल पायाच्या बाहेरच्या अंगाला आलं पाहिजे. आत आलं तर डावा-उजवा बदलला आहे असं समजावं. पट्ट्याचं उरलेलं टोक लोंबतं ठेवायचं नाही, खोचायचं. लोंबलं की दुसऱ्या पायाचा काटा त्यात अडकतो आणि माणूस स्वतःलाच तंगडी घालून पडतो. पडण्याचं पहिलं कारण हे. दुसरं, पँटचा घोळ. त्यासाठी दोन पायांत वीतभर अंतर ठेवून, जरा फेंगडं चालायचं. चालताना रुबाब राहत नाही, पण तिथं तो कोणाचाच राहत नाही.

तिसरं कारण भीती. उतार आला की माणूस मागं रेलतो, टाचेवर जातो, आणि पुढचे काटे बर्फातून सुटतात. करायचं उलटं : गुडघे वाकवून, वजन पावलांच्या बरोबर वर ठेवून, पाऊल सपाट आपटायचं. सगळे दात एकदम रुतले पाहिजेत. भिंतीसाठी चिखल तुडवताना जसं दमदार पाऊल पडतं, तसं. पुण्याच्या फुटपाथवर शिकलेली नाजूक चाल इथं कामाची नाही. ज्यांनी पावसाळ्यात शेतातून बैल बाहेर काढलाय ते दहा मिनिटांत चालायला लागतात, असं माझं ठाम मत आहे. बर्फ ओला असेल तर काट्यांमध्ये गोळा धरतो. मग काटे असून नसल्यासारखे. थांबायचं, काठीनं बुटाच्या कडेला ठोकायचं, गोळा पाडायचा.

बर्फ निळा का दिसतो, हे बर्फाच्या लादीवरून समजतं. लग्नाच्या आदल्या रात्री भुशातून काढलेली लादी पाहावी. कडेला काचेसारखी, मध्ये पांढरी. तो पांढरेपणा अडकलेल्या हवेचा. हिमनदीत वर्षानुवर्षं वरून बर्फ पडतो, त्याच्या भारानं खालची हवा दाबली जाऊन बरीचशी निघून जाते. उरलेला घट्ट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग गिळतो आणि निळा पुढं सोडतो. आकाशाशी संबंध नाही. ढगाळ दिवशीही भेगेच्या पोटात निळं दिसतं. आणि खालून वाहणारं पाणी राखाडी दिसतं ते घाणीनं नव्हे. बर्फ डोंगर घासत खाली येतो, दगडाचं मैद्यासारखं पीठ पडतं, ते पाण्यात तरंगतं. नदी म्हणजे दगडाचं कळण.

ही नदी नावापुरती नाही, ती खरंच वाहते. इथला बर्फ दिवसाला सरासरी अर्ध्या मीटरच्या वर सरकतो. वरचा थर ठिसूळ असतो. तळातल्या उंचवट्यावरून जाताना तो ताणला जाऊन फाटतो, त्याच या भेगा. त्यामुळं काल कोरलेल्या पायऱ्या आज वाकड्या किंवा वितळलेल्या. गाइड पुढं कुदळीनं नव्या पायऱ्या पाडत जातो आणि आपण ओळीनं, त्याच्याच पावलात पाऊल टाकत. मराठी भाषेतलं हिमनदीवरचं सर्वांत धोकादायक वाक्य ‘फोटोत येत नाहीयेस, जरा मागं सरक’ हे आहे. मागं काय आहे ते बघूनच सरकावं. त्यापेक्षा फोटो काढणाऱ्यालाच सांगावं की तू कमी घे.

परतीला पुन्हा तोच क्रम : काटे सोडणं, गुडघे टेकणं, मान खाली, पायलट सांगेल ती जागा. मध्येच ढग उतरला तर वरच थांबावं लागतं. त्यासाठी निवाऱ्याची आणि खाण्याची सोय असते, पण त्यांचं खाणं गोड बिस्किटं. मिरचीचा ठेचा नाही.

खाली गावात गरम पाण्याचे तीन हौद आहेत, ३६, ३८ आणि ४० अंशांचे. थंडीनं आखडलेले लोक तिकिटं काढून त्यात बसतात आणि डोळे मिटून सुस्कारे सोडतात. आपला माणूस काठावर उभा राहून पाटी वाचतो. ४० अंशांचं पाणी त्याच्या घरी मे महिन्यात, गच्चीवरच्या काळ्या टाकीतून, दुपारी नळ सोडला की फुकट येतं, आणि तो ते बादलीत निवत ठेवून संध्याकाळी आंघोळ करतो.