दहा रुपये युनिट कुठून आलं?

इंदूरमध्ये भाड्याचं घर बघायला गेलं की भाडं विचारतात, डिपॉझिट विचारतात, पार्किंग विचारतात. विजेचं विचारलंच तर उत्तर तयार असतं: "सबमीटर आहे, दहा रुपये युनिट." राजेंद्रनगर असो, सुदामानगर असो की भंवरकुआंच्या मुलांच्या खोल्या, वाक्य तेच. सबमीटर म्हणजे मुख्य मीटरच्या पुढे घरमालकाने स्वतः बसवलेला, फक्त तुमच्या खोल्यांचा मीटर. आणि पुढचा प्रश्न कुणीच विचारत नाही. हा दर ठरवला कुणी?

हिशोब करून बघा. मध्य प्रदेश सरकारच्या अटल गृह ज्योती या वीज सवलतीच्या योजनेत महिन्याचा वापर 150 युनिटांच्या आत असला तर पहिल्या 100 युनिटांना 100 रुपये पडतात. म्हणजे स्वतःचा मीटर असलेलं, 100 युनिट जाळणारं दोन माणसांचं घर विजेचे साधारण 100 रुपये भरतं. तेवढ्याच विजेचे सबमीटरवाल्या भाडेकरूकडून 1000 घेतले जातात. तीन बिऱ्हाडांची 100-100 युनिटं एकाच मुख्य मीटरवर गेली की आकडा 300 होतो, तिघांचीही सवलत बुडते आणि दराचा टप्पा वर चढतो. हे घरमालकाला पक्कं ठाऊक असतं. वेगळ्या कनेक्शनसाठी बहुतेक वेळा त्याची संमती मागतात, ती तो देत नाही, कारण मग महिन्याची वरकमाई थांबेल.

बरं, एकत्र मीटरवर वीज महाग पडते, मान्य. मग कंपनीचं बिल समोर ठेवा. एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, जो दर येईल तो घ्या, एक पैसा कमी देणार नाही. पण बिल मागितलं की "जमत नसेल तर दुसरीकडे बघा." वीज कायदा 2003 सांगतो की परवान्याशिवाय वीज विकता येत नाही, आणि इथे जिन्याखाली बसून नफ्याने विकली जातेय!

मीटर तरी खरा चालतो का? घर घ्यायच्या आधी दोन गोष्टी तपासाच. आपल्या घरातले सगळे एमसीबी (मेन बोर्डावरचे बटणासारखे फ्यूज) खाली पाडा आणि सबमीटरचा लाल दिवा बघत पाच मिनिटं उभे राहा. तो लुकलुकता कामा नये. लुकलुकला तर जिन्याचा दिवा, पाण्याची मोटर किंवा शेजारची खोली तुमच्या लाइनवर आहे, नाहीतर मीटरच बिघडलेला आहे. 1 एचपीची मोटर तासाला साधारण 1 युनिट खाते. रोज तासभर चालली तर महिन्याचे 30 युनिट, म्हणजे 300 रुपये, सगळ्यांच्या पाण्याचे एकट्याने भरायचे.

दुसरी तपासणी गीझरची. मीटरच्या पाटीवर 3200 imp/kWh असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे 3200 वेळा लुकलुकलं की 1 युनिट. बाकी सगळं बंद ठेवून, पाणी गार असताना 2000 वॅटचा गीझर बरोबर 3 मिनिटं चालवा. 0.1 युनिट व्हायला हवं, म्हणजे 320 वेळा. मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि हळू चालवून मोजा. व्होल्टेज कमी असेल तर आकडा कमी येईल, जास्त असेल तर थोडा जास्त, ते ठीक. 350 च्या बराच वर गेला तर मीटर पळत असावा. मग मीटर बदलून द्या म्हणून लेखी मागा. तोंडी मागितलेलं पुढच्या महिन्यात कुणाच्या लक्षात राहत नाही.

पाण्याचं तसंच. नर्मदेचं पाणी बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येतं. माणशी 135 लिटर धरले तर चार माणसांना दोन दिवसांत 1080 लिटर लागतात. गच्चीवर 1000 लिटरची एक टाकी, तीत दोन बिऱ्हाडं, आणि वर ऐकवायचं की भाडेकरू पाणी फार सांडतात. टाकी लहान आहे, माणसं नाही सांडत!

आणि सगळ्यात वाईट म्हणजे डिपॉझिट. वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं भांडं) गळतो, गच्चीच्या कठड्याला भेग असते, पावसाळ्यात भिंत ओल धरते. पोपडा बोटाने उचलला की मागे पांढरी खारट भुकटी हाताला लागते. गळती बंद न करता त्यावर पुट्टी आणि डिस्टेंपर मारला तर पुढच्या पावसात तेच. तरी घर सोडताना "भिंती खराब केल्या" म्हणून रंगाचे 12,000 कापून घेतात. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 स्वच्छ सांगतं की वापराने होणारी नेहमीची झीज भाडेकरूच्या माथी नाही. ओल तर झीजसुद्धा नाही, ती घरमालकाची राहिलेली दुरुस्ती आहे. दोन महिन्यांच्या डिपॉझिटची मर्यादा 2021 च्या आदर्श भाडे कायद्यात आहे, पण राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय ती लागू होत नाही, म्हणून त्या भरवशावर राहू नका.

सामान आत यायच्या आधी प्रत्येक भिंतीचा, छताच्या कोपऱ्यांचा, बाथरूमच्या मागच्या बाजूचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. सबमीटरच्या रीडिंगचा फोटोही त्यातच. अकरा महिन्यांच्या करारात युनिटचा दर, मोटरची वीज कुणाची आणि रंग कुणाचा, या तीन ओळी हाताने का होईना, लिहून दोघांच्या सह्या घ्या. सही करायला जो घरमालक काचकूच करेल, त्याला टोकनसुद्धा देऊ नका.