पन्नास एमएम, बारा बाय दहाची खोली आणि माझी चूक

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा रागच आला, म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. काल पुन्हा वाचली आणि अर्धा राग उतरला. उरलेल्या अर्ध्याबद्दलही खाली लिहितो.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ‘किट लेन्सनंतर काय?’ (किट लेन्स म्हणजे कॅमेऱ्यासोबतच मिळणारी १८-५५ एमएमची झूम) या माझ्या लेखात मी डोळे झाकून झूम नसलेली ५० एमएम एफ/१.८ लेन्स घ्यायला सांगितलं होतं. एमएमचा आकडा मोठा तितकं दृश्य अरुंद, आणि एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त. तुम्ही तुमच्या कॅनन १३०० डी साठी ती घेतली आणि मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला लावली. डोंबिवलीतली बारा बाय दहाची खोली, मध्ये टेबल, टेबलाभोवती पंधरा माणसं. केक आला तर मुलगी नाही, मुलगी आली तर आजी नाही. शेवटी तुम्ही बाल्कनीत वॉशिंग मशीनला पाठ टेकवून उभे राहिलात, तर फ्रेममध्ये खिडकीचे गज आले. वर तुमचे तीन आरोप: ‘माझे पैसे पाण्यात घातलेत’, ‘किट लेन्सला उगाच नावं ठेवलीत’, आणि शाळेच्या गॅदरिंगलाही चालेल अशी ‘५५-२५० घ्या’ (ही टेली, म्हणजे दूरचं जवळ आणणारी झूम) असं सरळ सांगायला हवं होतं, कारण ‘एफ नंबर वगैरे सगळं मार्केटिंग आहे, आयएसओ वाढवला की झालं’ (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता).

पहिला आरोप मान्य. त्यात सबब सांगण्यासारखं काही नाही, पण चूक कुठे झाली ते सांगतो.

त्या लेखातले सगळे फोटो आमच्या वाईच्या घरातले होते. आई पडवीत बसून तांदूळ निवडतेय, बाजूने अंगणातला उजेड येतोय आणि मी ओटीच्या पार दुसऱ्या टोकाला. मागे सरायला हवी तेवढी जागा. अशा घरात ५० एमएम सोन्यासारखी चालते. मी माझं घर बघून सल्ला दिला आणि तो वाचला फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी. त्याऐवजी हिशोब मांडला असता तर तुमचे पैसे वाचले असते. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा भाग, २२.३ मिलिमीटर रुंद आहे. आठ फुटांवर उभं राहिलात तर ५० एमएमला समोरची साडेतीन फूट रुंदी दिसते, म्हणजे खांद्याला खांदा लावून दोन माणसं. तेवढ्याच अंतरावरून २४ एमएमला सव्वासात फुटांच्या वर आणि १८ ला जवळजवळ दहा फूट. तुमच्या खोलीत आठ फुटांहून मागे जाणार कुठे? भिंतच येते.

किट लेन्सचंही तेच. ‘किट लेन्स कपाटात ठेवा’ असं मी लिहिलं होतं, ते चुकलं. वाढदिवसाला तुम्हाला तिचीच गरज होती. शिवाय तिच्यात स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सांभाळणारी सोय असते, तुमच्या ५० मध्ये ती नाही. देवघरातल्या समईचा किंवा रात्रीच्या घाटाचा फोटो हातात धरून काढायचा तर किट लेन्सने कमी शटर स्पीडलाही, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं राहिलं तरी, निभावतं. हलणारं काही नसलं की झालं.

आता उरलेल्या रागाबद्दल.

एफ नंबर मार्केटिंग नाही हो. तुमची किट लेन्स ५५ ला एफ/५.६ वर येऊन थांबते. ५.६ आणि १.८ यांच्यात उजेडाचा फरक साधारण साडेनऊ पटींचा आहे. जिथे किट लेन्सला आयएसओ ६४०० लागतो, तिथे ५० एमएमला ८०० च्याही खाली काम भागतं. तुमच्या कॅमेऱ्याच्या बॉडीवरचा ६४०० चा फोटो मोबाइलच्या पडद्यावर बरा दिसेल, पण त्याची आठ बाय बाराची प्रिंट काढून बघा. चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखा दिसतो. आयएसओ वाढवायला माझा विरोध नाही, मीही वाढवतो. पण ‘वाढवला की झालं’ हे खरं नाही.

५५-२५० चं म्हणाल तर ती लेन्स मला मनापासून आवडते. तिच्या किमतीत एवढी चांगली टेली दुसरी क्वचितच मिळेल. पण तुम्ही ती शाळेच्या गॅदरिंगसाठी सुचवताय, आणि नेमकी तिथेच ती दमते. मागच्या रांगेतून २५० वर गेलात की अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, तेच एफ नंबरने मोजतात) पुन्हा ५.६. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप सांभाळतं. लावणीवर नाचणाऱ्या मुलीचे पाय ते थांबवू शकत नाही, त्यासाठी १/२५०, १/४०० असा शटर स्पीडच हवा. लाल-निळ्या दिव्यांत तो मिळवायचा म्हणजे आयएसओ पुन्हा आकाशात. दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या गॅदरिंगला मी हेच करून आलोय. चारशे फोटोंतले अकरा ठेवले, आणि त्या अकरांतही सात असे की ज्यांत मुलं एका जागी उभी होती.

भिगवणला पक्षी टिपायला मात्र ती बिनधास्त न्या. रोहित मोठा पक्षी आहे, होडी बऱ्यापैकी जवळ नेते आणि हिवाळ्यातल्या सकाळी उजेड भरपूर असतो. पन्नास मीटरवरून २५० ला फ्रेमची उंची सुमारे तीन मीटर येते, त्यात रोहितांचा घोळका छान बसतो. मात्र त्याच लेन्सने सोसायटीच्या गुलमोहरावरचा बुलबुल टिपायला जाल तर निराश व्हाल. पंधरा मीटरवरचा वीतभर पक्षी फ्रेमच्या चौथाईतही येत नाही. छोट्या पक्ष्यांचं वेड लागलं की माणूस २५० वर थांबत नाही, आणि पुढचे आकडे घरी सांगण्यासारखे नसतात.

म्हणजे आपण दोघांनी एकच चूक केली. मी सगळ्यांना ५० सांगितली, तुम्ही सगळ्यांना ५५-२५० सांगताय. विचारायचं होतं ते एवढंच, की आत्तापर्यंत कुठला फोटो काढायला गेलात आणि निघाला नाही?

याचं उत्तर तुमच्या कॉम्प्युटरवरच पडलेलं आहे. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ, म्हणजे लेन्सचा एमएमचा आकडा, नोंदलेली असते. मागच्या सहा महिन्यांचे फोटो घ्या आणि कितीवर किती आहेत ते नुसतं मोजा. मधल्या आकड्यांकडे फार बघू नका, टोकांकडे बघा. १८ वर ढीग साचला असेल तर तुमच्या पाठीशी सारखी भिंत येतेय. ५५ वर साचला असेल तर लगेच टेली घ्यायला धावू नका, आधी ते फोटो उघडून बघा. मी माझे उघडले तेव्हा ५५ वरचे निम्मे फोटो असे होते की चार पावलं पुढे गेलो असतो तर चाललं असतं. आळस होता, दुसरं काही नाही. उरलेले निम्मे मात्र नदीच्या पल्याडचे, देवळाच्या शिखराचे, म्हणजे जिथे चालत जाताच येत नाही असे. टेलीची गरज मोजायची ती त्यांच्यावरून.

आणखी एक उपाय, जो मला उशिरा सुचला. किट लेन्सची झूमची रिंग एका आकड्यावर फिरवून तिथे चिकटपट्टी लावायची आणि अख्खा रविवार तसंच फिरायचं. मी ३५ वर लावली होती. सकाळी मंडईत मजा आली, दुपारी मित्राच्या घरी बारशाला जीव मेटाकुटीला आला. पाळण्यासकट आत्याला फ्रेममध्ये घ्यायला मी दाराबाहेर चपलांच्या ढिगात उभा होतो. ही अक्कल एका चिकटपट्टीत आली. तुम्हाला ती काही हजारांना पडली, आणि त्याचं वाईट वाटतं.

मलाही फुकट शिकायला मिळालं नाही, हे सांगायलाच हवं. माझी पहिली बॉडी निकॉन डी३३००. तिच्यासाठी मी एका दुकानातून सेकंड हँड ५० एमएम एफ/१.८ डी घेतली. ‘बसते का?’ विचारलं, तर दुकानदाराने खट्टकन बसवून दाखवली. बसणारच, निकॉनच्या एसएलआर कॅमेऱ्यांचा माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खाच, १९५९ पासून तोच आहे. घरी येऊन बटण अर्धं दाबलं, तर काहीच हालचाल नाही. त्या जुन्या ‘डी’ लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत लागते, आणि डी३००० किंवा डी५००० मालिकेतल्या स्वस्त बॉडींमध्ये ती दिलेलीच नाही. वर्षभर हाताने रिंग फिरवत फोटो काढले. पडवीतली आई जागची हलत नव्हती म्हणून ५० वर माझं प्रेम जडलं, हेही त्यातलंच एक कारण असावं!

तुमच्या वाढदिवसाच्या खोलीकडे परत येतो. पुढच्या वर्षी काय करायचं? कॅननच्या क्रॉप सेन्सरसाठी (तुमच्यासारख्या लहान सेन्सरसाठी) २४ एमएम एफ/२.८ ची चपटी लेन्स आहे, सव्वाशे ग्रॅमची. खोलीत ती बसेल, पण किट लेन्सपेक्षा उजेड जेमतेम एक स्टॉप, म्हणजे दुपटीइतकाच, जास्त मिळेल. निकॉनवाल्यांकडे त्यांच्या लहान सेन्सरसाठीची ३५ एफ/१.८ डीएक्स आहे, तीही तुमच्या खोलीत थोडी अरुंदच पडली असती. माझं आजचं मत विचाराल तर तुमची दुसरी लेन्स म्हणजे फ्लॅश. बॉडीतला उघडणारा नव्हे, वर बसवायचा, डोकं फिरणारा. किट लेन्स १८ ते २४ च्या मध्ये ठेवा, एफ/५.६ ठेवा, फ्लॅशचं तोंड छताकडे आणि किंचित मागे वळवा. पांढरं छतच मोठा दिवा होतं, आजीच्या चष्म्यावर चमक येत नाही आणि पंधराच्या पंधरा माणसं फोकसमध्ये राहतात. छताला पिवळा-गुलाबी रंग दिला असेल तर तो चेहऱ्यांवर उतरेल, तेवढं बघा. मेणबत्त्या विझतानाचा एखादा फोटो फ्लॅश बंद करूनही काढा, त्याचा उजेड वेगळाच असतो. आणि फ्लॅश घ्यायला जाताना बॉडी सोबत न्या, दुकानातच पेटवून बघा. कॅननच्या काही नव्या बॉडींच्या हॉटशूला (वर फ्लॅश बसवायच्या खाचेला), उदाहरणार्थ २०० डी मार्क टूला, मधली पिनच नाही. त्यावर साधे फ्लॅश पेटत नाहीत.

५० विकू नका असं मी म्हणेन, पण यावेळी तुमचं घर विचारात घेऊन. ज्या बाल्कनीत तुम्ही वॉशिंग मशीनला टेकून उभे होतात, तिथे संध्याकाळी पाचला मुलीला गजांजवळ उभं करा आणि तुम्ही खोलीत जा. एकटी मुलगी, बाजूने उजेड. अ‍ॅपर्चर २.५ किंवा २.८ ठेवा. १.८ चा मोह आवरा, कारण एक मीटरवरून १.८ ला जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर जागा फोकसमध्ये राहते. माझ्या मावशीच्या मंगळागौरीच्या फोटोत नथ अशी लख्ख आलीय की मोती मोजून घ्यावेत, आणि डोळे मात्र विरघळलेत. मावशीने तो फोटो तरीही फ्रेम केला, कारण नथ नवीन होती.

तरी विकायचीच असेल तर पावसाळ्याआधी विका, आणि तोवर सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत एका पावसाळ्यात काचेवर बुरशीची जाळी धरते. घेणारा टॉर्च मारून बघतोच.

मूळ लेखातलं ‘डोळे झाकून’ आज काढलं आहे आणि त्या जागी तुमच्या खोलीचा हिशोब टाकला आहे. चिकटपट्टीचा प्रयोग केलात तर कागदी पट्टी वापरा. मी पार्सलची खाकी लावली होती, रिंगच्या रबरावरचा तिचा चिकटा अजून निघालेला नाही.