डेनिस ब्रेन आणि ‘रक्तातच आहे’ म्हणणारे

परवा एका बड्या गवयाच्या नातवाचा व्हिडिओ बघितला. पोरगं आठ-नऊ वर्षांचं असेल, तान बरी घेतली त्याने. खाली कमेंट्सची रांग. ‘रक्तातच आहे’, ‘खाण तशी माती’, ‘घराण्याचा वारस’. माझी उगाच चिडचिड झाली. असं झालं की मला डेनिस ब्रेन आठवतो.

डेनिस हा इंग्रज फ्रेंच हॉर्नवाला, म्हणजे वेटोळ्या नळीचं पितळी फुंकवाद्य वाजवणारा. ऑर्केस्ट्रातला. (आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीत मंडपासमोर ‘एक से एक हिंदी-मराठी गीते’वाला डोळ्यापुढे येतो. तो नव्हे. सिम्फनीवाला, ऐंशी-नव्वद वादकांचा.) जन्म लंडनचा, १९२१चा. आणि खानदान बघा. आजोबा हॉर्नवादक. काका आल्फ्रेड हॉर्नवादक, तो पुढे अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेला. वडील ऑब्री ब्रेन बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राचे पहिले हॉर्न, म्हणजे तिथल्या हॉर्नवाल्यांचे म्होरके. थोरला भाऊ लेनर्ड ओबो हे सनईच्या जातीचं वाद्य वाजवायचा. आई मॅरियन बीली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनच्या ऑपेरात गाणारी. १९११च्या दिल्ली दरबाराच्या निमित्ताने इंग्रज संगीतकार एल्गारने लंडनच्या रंगमंचासाठी ‘द क्राउन ऑफ इंडिया’ नावाचा एक भपकेबाज तमाशा रचला होता, त्यात हिंदुस्थानातली शहरं पात्रं होऊन येतात. त्यातलं ‘आग्रा’ म्हणजे या बाई! साम्राज्याच्या त्या जत्रेत आग्रा झालेल्या बाईचा मुलगा पुढे जगातला सर्वांत नावाजलेला हॉर्नवादक झाला.

मग काय, रक्तातच होतं की! थांबा.

या घरात पोराला हॉर्न हातात देत नसत. लहानग्या डेनिसला शनिवारी सकाळी वडिलांच्या हॉर्नमध्ये चार फुंकरा मारायची परवानगी, बस्स. दात आणि ओठ पक्के झाल्याशिवाय हॉर्न शिकायचा नाही, हा ऑब्रीचा दंडक. तोवर पियानो आणि ऑर्गन. पंधराव्या वर्षी रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये रीतसर हॉर्नची तालीम सुरू झाली, आणि शिकवायला वडीलच. पहिला जाहीर कार्यक्रम ऑक्टोबर १९३८चा, क्वीन्स हॉलमध्ये, बाखचा पहिला ब्रांडेनबर्ग कन्चेर्टो (कन्चेर्टो म्हणजे एखाद-दुसऱ्या वाद्याला पुढे ठेवून केलेली ऑर्केस्ट्राची रचना). पहिल्या हॉर्नवर बाप, शेजारी दुसऱ्या हॉर्नवर सतरा वर्षांचा मुलगा. आपल्याकडे बुवांच्या मागे तंबोऱ्याला बसतात ना, जवळपास तसंच.

आठव्या वर्षी व्हायरल करायची घाई तिथे कुणाला नव्हती, एवढंच माझं म्हणणं.

आणि वाद्य किती द्वाड! हॉर्नची वेटोळी सोडवली तर साधारण बारा फूट नळी निघते. वरच्या पट्टीत तिचे स्वर एकमेकांना इतके खेटून असतात, की ओठ जरा ढिला पडला तर शेजारचाच स्वर फुटून बाहेर येतो, आणि तो अख्ख्या सभागृहाला ऐकू जातो. व्हायोलिनवाला सोळा जणांत लपतो. पहिल्या हॉर्नला लपायला जागा नाही. पन्नास-साठ मात्रा नुसत्या मोजत बसायचं आणि मग थंड पडलेल्या नळीतून एकच सुरावट, ती पहिल्या फटक्यात बिनचूक.

युद्धात डेनिस हवाई दलाच्या बँडमध्ये होता. तिथेच रेडिओच्या कामात संगीतकार बेंजामिन ब्रिटनची गाठ पडली आणि त्यातून १९४३मध्ये गायक, हॉर्न आणि तंतुवाद्यांसाठीचं ‘सेरेनेड’ झालं. त्याची सुरुवात आणि शेवट मुद्दाम ऐका. हॉर्न एकटाच, आणि कळा न दाबता, म्हणजे नळीतून नैसर्गिकपणे निघतात तेवढेच स्वर. पियानोला सरावलेल्या कानाला त्यातले एक-दोन बेसूर वाटतात. श्रुतींवर तासन्‌तास वाद घालणाऱ्या आपल्या लोकांना वाटू नयेत. शेवटचा तुकडा वाजवायला हॉर्नवादक उठून रंगमंचाबाहेर जातो आणि सूर लांबून येतो.

मोझार्टचे चारही हॉर्न कन्चेर्टो त्याने १९५३मध्ये ऑर्केस्ट्रा-संचालक कारायानबरोबर ध्वनिमुद्रित केले. माझ्या मित्राला त्याची एलपी जुन्या बाजारात मिळाली, खरखरीसकट. तेव्हापासून हे खूळ. त्या वेळी म्हणे त्याच्या स्टँडवर नोटेशनऐवजी मोटारींचं मासिक असायचं. आणि १९५६मध्ये व्यंगचित्रकार हॉफनंगच्या विनोदी संगीत महोत्सवात या गृहस्थाने चक्क बागेला पाणी घालायच्या रबरी पाइपवर लिओपोल्ड मोझार्ट (त्या मोझार्टचा बाप) वाजवला. सूर जुळेना म्हणून झाडं छाटायच्या कात्रीने पाइप कापून लांबी बसवली!

पण माझ्या लेखी त्याची खरी करामत वेगळी. ऑब्रीचा जीव अरुंद नळीच्या, फ्रेंच बनावटीच्या हॉर्नवर. रुंद नळीचे जर्मन हॉर्न त्याला खपत नसत. डेनिस त्याच फ्रेंच वाद्यावर वाढला, त्यावरच नाव कमावलं, आणि १९५१मध्ये, बाप हयात असताना, त्याने जर्मन बनावटीचा अलेक्झांडर हॉर्न घेतला. स्वर फुटायचा धोका त्यावर कमी. सूर मात्र ऐकणाऱ्याला अजूनही ब्रेन घराण्याचाच वाटायचा. आपल्याकडे शिष्याने साधी तंबोऱ्याची पट्टी बदलली तरी भुवया उंचावतात.

एवढं नाव होऊनही तो रांगेतला माणूस राहिला. काही वर्षं तर रॉयल फिलहार्मोनिक आणि फिलहार्मोनिया अशा दोन ऑर्केस्ट्रांचा पहिला हॉर्न एकाच वेळी. तालीम, रेकॉर्डिंग, कार्यक्रम, प्रवास, परत तालीम. ऑगस्ट १९५७च्या अखेरीला एडिंबरा महोत्सवात संचालक ऑर्मंडीच्या हाताखाली चायकोव्हस्कीची ‘पॅथेटिक’ सिम्फनी वाजवली आणि तो रात्रीच आपली ट्रायम्फ गाडी घेऊन एकटा लंडनकडे निघाला. साडेसहाशे किलोमीटर. १ सप्टेंबरला पहाटे, घर तासाभरावर असताना, हॅटफील्डजवळ गाडी झाडावर आदळली. छत्तीस वर्षांचा होता. ‘वेगाचं वेड’ असं लोक सहज लिहून टाकतात. मला ती कार्यक्रम संपवून रात्रीच निघायची सवय जास्त दिसते. आपल्याकडच्या कुठल्याही दौऱ्यावरच्या साथीदाराला विचारा.

त्याच वर्षी फ्रेंच संगीतकार पूलँकने त्याच्या स्मरणार्थ हॉर्न आणि पियानोसाठी एक शोकगीत लिहिलं.

गाडीत ठेवलेला त्याचा अलेक्झांडर हॉर्न चेपून गेला होता. लंडनच्या पॅक्समन या हॉर्न बनवणाऱ्या मंडळींनी तो ठोकून-वाकवून पुन्हा उभा केला. आता तो रॉयल अकॅडमीच्या संग्रहात आहे. ऑब्री जिथे वर्षानुवर्षं अरुंद नळीचा फ्रेंच हॉर्न शिकवायचा, त्याच संस्थेत, त्याला न आवडणारा जर्मन हॉर्न.