लॉ सीईटीबद्दल फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर लॉ सीईटीबद्दल, म्हणजे कायद्याच्या कोर्सच्या राज्य प्रवेश परीक्षेबद्दल, एक मेसेज फिरतोय: “लॉ सीईटीचा पेपर फक्त इंग्रजीत असतो. उत्तर चुकलं की मार्क कापतात. आयपीसीची सगळी कलमं पाठ लागतात. वर गणित. मराठी मीडियमच्या आर्ट्सवाल्यांनी नादी लागू नये.” परवा विजयनगरला कोर्टात जतचे एक पक्षकार तारीख झाल्यावर थांबले, हाच मेसेज दाखवला आणि म्हणाले, “वकीलसाहेब, मग पोरीला बी.ए.लाच घालतो.” बारावी झालेली पोरगी शेजारी मान खाली घालून उभी. त्या दोघांना जे सांगितलं, तेच इथे लिहितो.

“फक्त इंग्रजीत” हे साफ चूक. आपल्या राज्याच्या सीईटीत प्रश्न इंग्रजी आणि मराठी दोन्हीत येतात. इंग्रजीचा विभाग तेवढा इंग्रजीत. मार्क कापण्याचंही तसंच, इथे निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडून उठू नका.

हा घोळ झाला क्लॅटमुळे. ती राष्ट्रीय विधी विद्यापीठांची परीक्षा; मुंबई, नागपूर, संभाजीनगरची विद्यापीठं त्यात येतात. ती इंग्रजीतच होते, उतारे वाचून सोडवायची असते आणि चुकीला पाव मार्क जातो. दोन्हीकडे 120 प्रश्न आणि दोन तास, त्यामुळे ऐकणाऱ्याला एकच वाटतं. पण सांगलीचं सोटी, साताऱ्याचं इस्माईलसाहेब मुल्ला किंवा पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज हवं असेल, तर परीक्षा राज्याची.

कलमं पाठ करायचा सल्ला तर पोरांचे महिने वाया घालवणारा आहे. 511 कलमांची आयपीसी, म्हणजे भारतीय दंड संहिता, 1 जुलै 2024 पासून गेली, तिच्या जागी 358 कलमांची भारतीय न्याय संहिता आली. खुनाला आम्ही वर्षानुवर्षं ‘तीनशे दोन’ म्हणत आलो, ते आता 103 झालंय. राज्यघटनेतले मूलभूत हक्क, न्यायालयांची रचना, नेहमीच्या कायदेशीर संज्ञा यांवर सरळ प्रश्न येतात, ते वाचावंच लागतं. बाकी कस लागतो तो डोक्याचा. त्या पोरीला मी तिथल्या तिथे एक प्रश्न घातला. तत्त्व असं: धोका माहीत असून जो स्वखुशीने तो पत्करतो, त्याला त्या इजेची भरपाई मागता येत नाही. घटना अशी: यात्रेच्या मैदानात नियमाने चाललेल्या कुस्तीत एका पैलवानाचा खांदा निखळला. समोरच्याकडून भरपाई मिळेल? ती लगेच म्हणाली, “नाही. पण त्याने मुद्दाम नियम मोडून मारलं असतं तर?” एकही कलम पाठ नसताना पोरगी नेमक्या जागी पोचली. लीगल ॲप्टिट्यूड म्हणजे हेच.

गणिताची भीती किती घालावी? 2025 पासूनच्या रचनेत पाच वर्षांच्या कोर्सच्या पेपरात गणिताचे प्रश्न 120 पैकी 8. कायदा 32, तर्क 32, सामान्य ज्ञान 24, इंग्रजी 24. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या कोर्सला गणित नाहीच; तिथे इंग्रजीचे 40 प्रश्न, सामान्य ज्ञानाचे 32, कायदा आणि तर्क प्रत्येकी 24. मराठी मीडियमच्या पदवीधराने काळजी करायची तर त्या 40 ची करावी, रोज इंग्रजीचा एक उतारा वाचून. आणि आर्ट्स, कॉमर्स, सायन्स असा भेद पात्रतेत नाही. पाच वर्षांच्या कोर्ससाठी खुल्या वर्गाला बारावीत 45 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 40.

मेसेजमध्ये नाही, पण पोरं जिथे खरोखर अडकतात ते वेगळंच. सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही. कॅपची, म्हणजे केंद्रीकृत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी करावी लागते, कॉलेजांचे पसंतीक्रम तिथे भरायचे. जातीचं प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर असे कागद लागणार असतील, तर तहसीलच्या फेऱ्या निकालाची वाट न बघता आत्ताच सुरू करा. जतच्या त्या पक्षकारांना मी यादी कागदावर लिहून दिली. घडी करून ती पोरीनेच पर्समध्ये ठेवली.