काक्षी तारा पृथ्वी गिळणार नाही

मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी, म्हणजेच बीटलज्यूज, लवकरच फुटेल आणि त्याचं कृष्णविवर पृथ्वी गिळेल, असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. पुरावा म्हणून २०१९-२० मध्ये तारा मंदावल्याचं सांगतात. पण त्यानेच बाहेर टाकलेल्या धुळीने त्याचा प्रकाश झाकला होता. काही महिन्यांत तो पुन्हा उजळला. तारा फुटणार हे खरं, पण बहुधा हजारो वर्षांनी, आणि तोही ५०० ते ७०० प्रकाशवर्षं दूर. मागे उरेल तो बहुधा न्यूट्रॉन तारा, म्हणजे ताऱ्याचा अतिघट्ट दाबलेला गाभा: वस्तुमान सूर्याहून जास्त, व्यास जेमतेम २०-२५ किलोमीटर. कृष्णविवर झालंच, तरी वस्तुमान वाढत नाही. मग इतक्या दुरून ओढ कशी वाढेल? उलट अशा स्फोटाची शास्त्रज्ञ वाट पाहताहेत. १९८७ मध्ये मोठ्या मॅजेलन मेघातल्या, म्हणजे आपल्या शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेतल्या, अशाच स्फोटाचे न्यूट्रिनो (पदार्थातून सहज आरपार जाणारे सूक्ष्म कण) जपानमधल्या कामिओकांदे यंत्रात प्रकाशाच्या काही तास आधीच नोंदले गेले होते.