अंगणातला बॉबकॅट वाट चुकलेला नसतो

कॅलिफोर्नियातल्या आपल्या माणसांच्या फोनवर एक मजकूर फिरतो आहे. कुणाच्या तरी मागच्या अंगणातून चाललेला बॉबकॅट आणि खाली ओळी: ‘या रानमांजराला शंभर चौरस किलोमीटर जंगल लागतं. ते संपलं म्हणून बिचारं वाट चुकून आलंय. पकडून दूर डोंगरात सोडायला सांगा. तोवर उंदरांचं औषध टाका, खाणं संपलं की फिरकणार नाही.’ लिहिणाऱ्याच्या मनात कणव आहे, पण दोन्ही उपाय त्या जनावराच्या जिवावर उठणारे आहेत.

शंभरचा आकडा आला कुठून? बॉबकॅटचं संचारक्षेत्र ठरतं ते भक्ष्य, आडोसा आणि शेजारी यांवर. अमेरिकेच्या दक्षिणेत ससे-उंदीर बारमाही मिळतात, तिथे एखाद्या मादीचं एक-दोन चौरस किलोमीटरमध्येही भागतं. उत्तरेच्या बर्फाळ जंगलात भक्ष्य विरळ, त्यात बॉबकॅटचे पंजे लहान. त्याचा भाऊबंद, कॅनडा लिंक्स हे रानमांजर, ज्या बर्फावरून सहज चालतो त्यात हा रुततो. तिथे नराचं क्षेत्र तीनशेच्या पुढे गेल्याच्याही नोंदी आहेत. शिवाय नराच्या क्षेत्रात अनेक माद्या नांदतात, माद्या मात्र सहसा एकमेकींची हद्द ओलांडत नाहीत.

वाट चुकल्याचं म्हणाल, तर लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिका डोंगरांत 1996 पासून राष्ट्रीय उद्यान सेवेचे अभ्यासक बॉबकॅटना रेडिओ कॉलर लावत आले आहेत. वस्तीच्या कडेचे बॉबकॅट तिथलेच रहिवासी निघाले. ओढे आणि मोकळ्या टेकड्या धरून राहायचं, घरांजवळ रात्री फिरायचं, असा त्यांचा शिरस्ता. पिल्लं वाढवणाऱ्या माद्या सहसा घरांपासून जास्तच अंतर राखतात. आणि दिवसाढवळ्या दिसला म्हणजे तो पिसाळलेला, असंही नाही.

दूर सोडल्यावर काय होतं? तिथली जागा आधीच दुसऱ्याची असते. आपल्याकडचा ‘आजोबा’ बिबट्या आठवा: 2009 साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून माळशेज घाटात सोडला, तर सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या जंगलापर्यंत गेला. बिबट्या मोठा, दहा किलोच्या बॉबकॅटला असा प्रवास महामार्ग ओलांडत करावा लागतो.

सगळ्यात घातक सल्ला औषधाचा. ही औषधं रक्त गोठू देत नाहीत, पण उंदीर लगेच मरत नाही. सुस्तावलेला तो उंदीर बॉबकॅट सहज पकडतो आणि विष त्याच्या यकृतात साठत जातं. 2002 ते 2005 या काळात सांता मोनिकात खरजेने बॉबकॅट पटापट मेले. वर्षभर तग धरणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. खरजेने मेलेल्यांच्या यकृतांत हीच औषधं सापडली. 2020 मध्ये कॅलिफोर्नियाने यातल्या जहाल औषधांवर कायद्याने कडक बंधनं घातली. दुकानात उंदरांचं कुठलंही औषध मिळालं, तरी ते अंगणात टाकू नका.

कोंबड्या असतील तर खुराडं वरूनही जाळीने बंद करा. लहान कुत्र्याला पहाटे-संध्याकाळी एकटं सोडू नका. वसंतात डेकखाली मादी पिल्लांसह बसलेली दिसली, तर काही आठवडे ती बाजू तिला राहू द्या. पिल्लं चालती झाली की ती आपणच जागा बदलते.