तिकडे कोणी असलं वापरत नाही म्हणे

“दाजी, तिकडे बाहेर कोणी असलं वापरत नाही. बॅटरी यायची बंद झाली की लोक मशीन टाकून देतात, नवीन घेतात. दादाला विचारा पाहिजे तर.”

घरच्या ग्रुपवर आलेलं हे वाक्य माझ्या धाकट्या चुलतभावाचं. तो पुण्यात हिंजवडीला असतो. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सांगलीत फर्निचरची कामं घेतात. त्यांच्याकडे 18 व्होल्टचं कॉर्डलेस ड्रिल आणि त्याच जोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे स्क्रू पिळायचं मशीन, आहे. दोन्ही निकेल-कॅडमियम या जुन्या प्रकारच्या बॅटरीच्या काळातले. मशीन ठणठणीत, पण बॅटऱ्या आता पाच-सहा स्क्रूंच्या पुढे जात नाहीत. सर्व्हिस सेंटरवाल्याने सांगितलं, मॉडेल बंद झालं, नवीन सेट घ्या. दाजींनी ग्रुपवर एवढंच विचारलं होतं की मिरजेत एकजण बॅटरीच्या आतले सेल बदलून देतो, टाकू का त्याच्याकडे? झालं. अख्खी भावकी बोलायला लागली. कुणी जुन्याला चिकटून बसायच्या सवयीवर, कुणी देश असा पुढे कसा जाणार यावर. आणि शेवटी साक्षीला मला, म्हणजे त्या ‘दादा’ला, ओढलं.

तर मी साक्ष देतो, आणि ती धाकट्याच्या बाजूने नाही.

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ अजून 9.6 व्होल्टचं ड्रिल वापरतात. शनिवारी दुपारी केलरमध्ये, म्हणजे तळघरात, त्याचा आवाज येतो. रविवारी अर्थातच नाही, इथे रविवारी असला आवाज चालत नाही. गेमाइंडेहाउसमध्ये, म्हणजे वस्तीच्या सभागृहात, महिन्यातून एकदा रिपेअर कॅफे भरतो, लोकांच्या बिघडलेल्या वस्तू फुकट दुरुस्त करून द्यायला; तिथे मी इलेक्ट्रिकच्या टेबलावर बसतो. ही पद्धत मार्टिना पोस्टमा नावाच्या बाईंनी 2009 मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला सुरू केली आणि आता ती देशोदेशी पसरली आहे. लोक कॉफी मशीन आणतात, मिक्सर आणतात, व्हॅक्यूम क्लीनर आणतात, आणि बॅटरी मेलेली ड्रिलंही आणतात. हातात नंबर घेऊन, केक खात, तासभर शांतपणे बसतात. यात वकील आहेत, शिक्षक आहेत, चांगल्या पगाराचे इंजिनिअर आहेत. नवीन ड्रिल त्यांना परवडत नाही असं मुळीच नाही. चालणारी मोटर फेकायला त्यांचं मन घेत नाही. “तिकडे कोणी असलं वापरत नाही” या वाक्यातले ‘कोणी’ मला दर महिन्याला भेटतात.

फेकतातही, तेही खरं. वेर्टस्टॉफहोफमधल्या, म्हणजे टाकाऊ वस्तू जमा करायच्या आवारातल्या, छोट्या उपकरणांच्या कंटेनरमध्ये वाकून पाहिलं की निळी, हिरवी, पिवळी ड्रिलं दिसतात. चक धड, गिअरबॉक्स धड, फक्त खाली बॅटरीची जागा रिकामी. एकही उचलून घरी नेता येत नाही, परवानगी नाही. ते बघून माझ्या पोटात तुटतं. पण ते का फेकतात, हे आमच्या भावकीने समजून घ्यावं. इथे माणसाच्या हाताच्या एका तासाचा दर असा आहे की बॅटरीचा पॅक उघडून सेल बदलायची मजुरी पुष्कळदा नव्या मशीनच्या वर जाते. दुरुस्त करून देणारा धंदा म्हणून जवळपास उरलेलाच नाही, म्हणून तर आम्हाला शनिवारी फुकट बसावं लागतं. यात सुबत्ता कमी आणि नाइलाज जास्त आहे. सांगली-मिरजेला हा नाइलाज नाही. जे यांच्याकडे संपलं ते आपल्याकडे अजून शिल्लक आहे, आणि आपण त्याचीच लाज बाळगतो.

मिरजेच्या त्या दुकानात मी बसलेलो आहे. मागच्या वेळी तासगावच्या मामांचा फवारणीचा बॅटरी पंप घेऊन गेलो होतो. आमच्या आधी एका प्लंबरचा ड्रिलचा पॅक टेबलावर होता. कारागिराने चार स्क्रू काढून डबी उघडली. आत पंधरा सेल, प्रत्येक 1.2 व्होल्टचा, एकामागोमाग एक जोडलेले. पंधरा गुणिले 1.2, म्हणजे 18. प्रत्येकाच्या अंगावर पुठ्ठ्याची बाही. दोन सेलांच्या तोंडाशी पांढरी खरबरीत पूड धरली होती. त्याने मीटरची टोकं एकेका सेलला लावली आणि आकडा पेनाने त्या पुठ्ठ्यावरच लिहीत गेला. तेरा सेलांना काही ना काही जीव होता, दोन साफ शून्य. प्लंबर म्हणाला, मग दोनच बदला की. त्यावर त्याने हात थांबवून समजावलं: “दोन नवे आणि तेरा दमलेले एका माळेत घातले, की जो आधी संपतो त्याच्यातनं बाकीचे करंट ढकलत राहतात आणि तो उलटा चार्ज होतो. तो मरतो, मग पुढचा. सहा महिन्यांत परत याल आणि मला शिव्या घालाल.” पंधराही बदलायचे, सगळे एका लॉटचे.

मग सेल एकमेकांना जोडायला निकेलची पट्टी, पायाच्या पेडलवर चालणारं स्पॉट वेल्डिंग, एका जागी दोन ठिपके. सोल्डरिंग गन त्याने सेलला लावली नाही, कारण तेवढ्या उष्णतेने आतलं सील आणि पडदा खराब होतो. वेल्ड झाल्यावर प्रत्येक पट्टी पकडीने ओढून पाहिली. शेवटी जुन्या पॅकमधला तापमान मोजणारा बारीक मणी काढून नव्या सेलच्या अंगाला चिकटवला, पिवळ्या टेपने, आधी होता त्याच जागी. तो मणी लोंबकळत राहिला तर सेल तापल्याचं चार्जरला कळतच नाही. श्टुटगार्टच्या आसपास इतक्या जबाबदारीने हे काम पैसे घेऊन करून देणारा माणूस मला शोधूनही सापडलेला नाही.

त्याच मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीत पन्नास वर्षांचा तंबोरा दुरुस्तीला येतो. तारा गेल्यात, टाकून द्या, असं कुणी त्याच्या मालकाला सांगत नाही. उलट मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा याच ग्रुपवर अभिमानाचे मेसेज फिरले. तार ही संपणारी वस्तू आहे आणि वाद्य टिकणारं, हे तिथे सगळ्यांना पटतं. ड्रिलची बॅटरी तेवढीच संपणारी वस्तू आहे. फरक इतकाच की तार कुठल्याही दुकानातली चालते आणि बॅटरी कंपनीने आपल्या खाचेत अडकवून ठेवली आहे. 18 व्होल्ट सगळ्यांचे सारखेच, प्लास्टिकचा आकार मात्र प्रत्येकाचा वेगळा.

मनात आणलं तर कंपन्यांना जमतं. रायोबीने 1996 पासून 18 व्होल्टच्या मशीनची बॅटरीची जागा तीच ठेवली आहे, त्यामुळे आजची लिथियम बॅटरी त्यांच्या त्या काळातल्या ड्रिललाही बसते. डिवॉल्टने जुन्या 18 व्होल्टच्या मशीनवर नवी लिथियम बॅटरी लावायचा अडॅप्टर काढला. दाजींच्या कंपनीने यातलं काहीच केलं नाही. ग्रुपवर त्या कंपनीला कुणी एका शब्दाने विचारलं नाही, सगळा राग दाजींच्या कंजूषपणावर.

धाकट्याने पुढे लिहिलं, मग लिथियम तरी भरून घ्या, हलकं होईल. इथे मात्र मी घाबरलो. लिथियमचे पाच सेल जोडले की 18 व्होल्ट होतात, पूर्ण चार्ज झाले की 21. हिशेब जुळतो म्हणून पुष्कळजण जुन्या डबीत लिथियम भरतात आणि जुन्याच चार्जरवर ठेवतात. निकेल-कॅडमियमचा चार्जर सेल तापण्याची किंवा व्होल्टेज किंचित खाली येण्याची वाट बघत करंट देत राहतो. लिथियम त्याला तसली खूण वेळेत देत नाही, आणि आग लागू शकते. लिथियम भरायचंच असेल तर दर सेलमागे 4.2 व्होल्टला थांबणारा वेगळा चार्जर हवा आणि प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट हवं. शिवाय ड्रिल लाकडात अडकलं की क्षणभर पन्नास-साठ अँपिअरसुद्धा ओढतं. लॅपटॉपच्या भंगारातले सेल तिथे टिकत नाहीत. दाजी, तुमच्यासाठी निकेल-मेटल हायड्राइड बरं. तेच 1.2 व्होल्ट, तोच आकार. फक्त जुन्या चार्जरला ते भरल्याची खूण नीट कळत नाही, म्हणून पॅक कोमट लागला की हाताने काढून ठेवायचा, रात्रभर लावून झोपायचं नाही.

आणि कुणीतरी, वायरवालं घ्या की, असं लिहिलं त्याला 2019 चा ऑगस्ट आठवत नसावा. पूर ओसरल्यावर गावभागात घराघरांतल्या दारांच्या चौकटी फुगून बसल्या होत्या, बिजागऱ्या उखडल्या होत्या, आणि लाईट कित्येक दिवस नव्हती. दाजींनी हीच दोन मशीन घेऊन दारं बसवून दिली. पॅक चार्ज करायला विश्रामबागेत ओळखीच्या घरी ठेवायचे. त्या दारांपैकी एक दार याच ग्रुपवर ‘देश पुढे कसा जाणार’ विचारणाऱ्या काकांचं आहे.

तिकडे कायदे आहेत, असंही कुणी म्हणालं. आहेत. युरोपने 2017 पासून कॉर्डलेस हत्यारांसाठी नवीन निकेल-कॅडमियम पॅक बाजारात आणायला बंदी केली, ते योग्यच झालं, कॅडमियम विषारी आहे. 2023 च्या बॅटरी नियमावलीप्रमाणे 18 फेब्रुवारी 2027 पासून उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे, आणि मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून किमान पाच वर्षं ती सुटी मिळाली पाहिजे. पण पाच वर्षं म्हणजे काय हो? दाजींचं मशीन केव्हाच त्यापलीकडे गेलंय. 2024 च्या दुरुस्ती-हक्काच्या कायद्यात वॉशिंग मशीन आहे, फ्रिज आहे, मोबाइल आहे, ड्रिल नाही. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्ती-हक्काचं पोर्टल काढलं. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि गाड्या. सुताराच्या हातातल्या यंत्राचं नाव तिथेही वेगळं नाही. किर्लोस्करवाडी 1910 मध्ये ज्या जिल्ह्यात उभी राहिली, तिथल्या माणसांनी कंपन्यांकडे बॅटरीच्या जोडणीचा नकाशा मागायला हवा, सेल बदलणाऱ्याला प्रशिक्षण आणि परवाना मागायला हवा. भावकी मात्र दाजींनाच अक्कल शिकवते आहे.

मला एवढा राग का आला, हे बायकोने विचारलं. खरं सांगायचं तर ड्रिलपेक्षा ते “दादाला विचारा” मला लागलं. माझं नाव तिथे बाहेरचा माणूस म्हणून घेतलं गेलं, दाजींच्या विरुद्ध वापरायचा पुरावा म्हणून. मी सांगलीचा आहे. लेथवर काम करणाऱ्या वडिलांच्या हाताखाली कुपवाडच्या शेडमध्ये मी पहिला आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, हातात धरला. रिपेअर कॅफेत टेबलाशी बसलो की लोक कौतुकाने म्हणतात, तुमच्या भारतात सगळेच असं दुरुस्त करतात ना? मी हो म्हणतो, अभिमानाने म्हणतो. आणि घरी फोन उघडला की माझीच माणसं सांगतात, तुमच्या तिकडे कोणीच दुरुस्त करत नाही ना? इथे मी भारत, तिथे मी जर्मनी. दाजी तरी मला अजून विचारतात की पट्टी किती जाडीची घेऊ. त्या प्रश्नात मी घरचा असतो. तो प्रश्न बंद झाला तर दिवाळीला पाहुण्यासारखं येऊन जाण्यापलीकडे माझं तिथे काय उरेल, याची मला भीती वाटते. म्हणून मी भांडतोय आणि भांडत राहणार.

दाजी, बॅटऱ्या मिरजेला टाका. 0.15 मिलिमीटरची पट्टी घ्या, शुद्ध निकेलची, निकेल चढवलेली पोलादी नको. चुंबकाने ती ओळखता येत नाही, निकेलही चिकटतं. तुकडा घासून मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवायला सांगा, पोलादाला गंज चढतो. आणि दोन्ही पॅकमधून निघालेले तीस जुने सेल त्या दुकानात सोडून येऊ नका, भंगारवाल्यालाही देऊ नका. इथे सुपरमार्केटच्या दारात त्यासाठी खोका असतो, आपल्याकडे नाही. पण 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. धाकट्या, तुला लोकांना मेल लिहायची सवय आहे. कंपनीला लिही, बॅटरी देत नाही तर नको देऊ, हे तीस सेल कुठे आणून देऊ ते सांग. उत्तर आलं की ग्रुपवर टाक.